परक्या राजाची रयत

इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताखालून किती प्रकरणे गेली, याची गणती नाही. खून झाले, दरोडे झाले, बंदरावरची मारामारी झाली. त्यांतली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. दमणच्या जहाजसुताराचे प्रकरण मात्र काल घडल्यासारखे लख्ख आठवते. त्यात रक्त सांडले नाही की कुणी फासावर गेले नाही. एका माणसाने परक्या मुलखात घर घेतले, एवढेच. नावे मी कुणाचीच लिहिणार नाही. त्यांतली काही माणसे आता नाहीत आणि काहींची मुलेबाळे याच गावात सुखाने नांदत आहेत.

मी तेव्हा ठाण्याला फौजदार होतो. सकाळी शिपायांची हजेरी, गस्तीवाल्यांकडून गावाची हालहवाल, कच्च्या कैद्यांची मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात रवानगी आणि मग दिवसभर लोकांच्या तक्रारी, असा चौकीचा क्रम. ठाणे आजच्यापेक्षा बरेच लहान होते. रेल्वे येऊन पुष्कळ वर्षे झाली होती, तरी खाडीवरचे बंदर अजून जागे होते. मिठाचे, लाकडाचे पडाव लागत आणि त्यांच्या दुरुस्तीला दमणचे सुतार येत. जहाज बांधावे तर दमणवाल्याने, असे कोळी लोकही कबूल करीत. पण दमण पडले पोर्तुगीजांच्या राज्यात. तिथला माणूस दिसायला, बोलायला कितीही आपल्यातला वाटला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो परक्या राजाची रयत.

बातमी आणली माझ्या हवालदाराने. हा संगमेश्वराकडचा गृहस्थ. कामाचे तास संपले की तोंडात सुपारी टाकून बंदरावर फेरफटका मारणे ही त्याची करमणूक, आणि माझी अर्धी बातमीदारी त्यातूनच चाले.

"साहेब, बंदरावरचा दमणचा मेस्त्री हत्यारं विकतोय," तो म्हणाला.

"विकू दे की. त्याचीच आहेत ना?"

"त्याचीच आहेत, म्हणून तर सांगायला आलो. लाकूड तासायचा वाकस विकला, भोकं पाडायचा सामता विकला, आता करवतीला गिऱ्हाईक बघतोय. साहेब, सुतार उपाशी राहील, पण वाकस विकायचा नाही. हा माणूस पळायच्या बेतात आहे."

पळणारा माणूस दोन कारणांनी पळतो. त्याने काही केलेले असते, नाहीतर त्याला कुणी काही करणार असते. मला आधी पहिलेच कारण वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत बंदरावर गेलो. मेस्त्री एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसला होता. साठीच्या आसपासचा, सडपातळ, पण दंड अजून ओढलेल्या दोरखंडासारखे. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. माझ्यामागे उभ्या हवालदाराला त्याने ओळखले आणि तो उठला. दोन्ही हात त्याने पुढे केले. मला वाटले, नमस्कार करतो आहे. पण त्याचे तळवे जुळलेले नव्हते. त्याने मनगटे जुळवली होती. बेड्या घालायला.

"चला सायब," तो म्हणाला. "फक्त माझ्या बायकोला तरास देऊ नका. तिला यातलं काय माहीत नाही."

माझ्या उभ्या नोकरीत न मागता कुणी हात पुढे केले, असा तो एकच प्रसंग. मी त्याला खाली बसवले आणि स्वतःही शेजारी वाळूत बसलो.

"कशाबद्दल पकडू तुम्हाला?"

"घराबद्दल."

"कुणाच्या घरात शिरलात?"

"माझ्या सोताच्या," तो म्हणाला आणि मान खाली घालून त्याने सगळी हकीकत सांगितली.

त्याची एकुलती एक मुलगी ठाण्यातल्या एका ख्रिस्ती घरात दिलेली. नातवंडे झाली. दमणला म्हातारा-म्हातारी दोघेच उरली. बायकोने धोशा लावला की मुलीजवळ जाऊन राहू. मेस्त्रीला काम काय, जिथे खाडी तिथे मिळणारच. तेव्हा तिकडचे राहते घर विकून त्याने इकडे घर पाहायला सुरुवात केली. कोपरीच्या अंगाला, खाडीकडे तोंड केलेले एक कौलारू घर त्याच्या मनात भरले. मालकीण एक आगरी विधवा होती. तिला मुलाकडे राहायला जायचे होते, म्हणून तीही विकायला राजी होती.

मध्ये पडला एक दलाल. कोर्टाच्या ओसरीवर त्याची ऊठबस असे. तो मेस्त्रीला म्हणाला, "तुम्ही पोर्तुगीज राजाची रयत. इंग्रजी मुलखात तुमच्या नावावर घर होत नाही. घर माझ्या नावावर घेऊ, राहा तुम्ही. पुढे साहेबलोकांकडून परवानगी काढली की तुमच्या नावावर करून देतो." मेस्त्रीला इथला कायदा माहीत नव्हता आणि इथली लिपीही वाचता येत नव्हती. त्याला ते खरे वाटले. पैसे त्याने दिले, खरेदीखतावर नाव दलालाचे लागले आणि मेस्त्री घरात राहायला आला. पुढे कोपरीकडच्या जागांना भाव येऊ लागला. तेव्हा दलाल एके दिवशी येऊन म्हणाला, "घात झाला मेस्त्री. परक्या रयतेने चोरून घर घेतल्याचं सरकारला कळलं. तुमच्या नावाचं वॉरंट निघतंय. पकडलं तर तुरुंग आणि मग हद्दपारी. त्यापेक्षा गुपचूप दमणला निघून जा. मी सांभाळून घेतो."

"वॉरंट निघालं तर ते बजावायला माझ्याच हातात येतं," मी मेस्त्रीला सांगितले. "माझ्याकडे आलेलं नाही."

"उद्या येईल."

"उद्याही यायचं नाही. घर विकत घेणं हा गुन्हा नव्हे."

"पण मी परका आहे, सायब."

"तरीही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले, पण त्याचा विश्वास बसलेला नव्हता. दलालाचे शब्द त्याच्या मनात इतके खोल गेले होते की खुद्द फौजदाराच्या सांगण्यानेही ते निघत नव्हते. तो म्हणाला, "सायब, तुम्ही चांगले आहात. पण तुमच्या वरचे सायब?"

दुपारी मी सरकारी वकिलांकडे गेलो. मोठे शांत आणि तिरकस गृहस्थ. सगळे ऐकून ते म्हणाले, "परक्या रयतेला इथं घर घ्यायला कुठलीही आडकाठी नाही. स्टॅम्पाचा कागद घ्यावा, चतुःसीमा नीट लिहाव्यात, सब-रजिस्ट्रारपुढं जावं, ओळख द्यायला माणसं न्यावीत, संपलं. पण फौजदारसाहेब, तुमची अडचण वेगळीच आहे. घर दलालाच्या नावावर आहे आणि मेस्त्रीने ते उघड्या डोळ्यांनी त्याच्या नावावर होऊ दिलंय. दलाल म्हणेल, ही दिवाणी बाब आहे. फसवणूक ठरवायची तर दोन गोष्टी शाबीत करा. पैसा मेस्त्रीचा होता, ही एक. आणि आपण सांगतो तो कायदा खोटा आहे, हे दलालाला आधीपासून ठाऊक होतं, ही दुसरी. पहिली सोपी आहे. दुसरी माणसाच्या डोक्यात असते. तिथं पंचनामा करता येत नाही."

याही आधी मला हवी होती फिर्याद. ती मेस्त्री देणार नव्हता हे उघड होते. मी त्याच्या घरी गेलो.

घर लहान, पण आत पाऊल टाकताच कळे की हे जहाज बांधणाऱ्याचे घर आहे. पोटमाळ्याच्या फळ्या पडावाच्या तक्तपोशीसारख्या एकमेकींत अशा बसवलेल्या की मधून धूळ खाली पडू नये. सागवानी दार एका बोटाने उघडे. मेस्त्रीची बायको चुलीपाशी मासे तळत होती. मुलगी नातवाला घेऊन आलेली होती, हे बरे झाले. कारण म्हातारी दमणची बोली बोले आणि मला त्यातले काही कळत नसे. मी सांगायचे, मुलीने उलगडून सांगायचे, असे चालले.

बोलता बोलता भलतेच बाहेर आले. मेस्त्रीने बायकोला वॉरंटाचे काही सांगितलेच नव्हते. जत्रेला म्हणून दमणला जाऊन येऊ, एवढेच तो तिला म्हणाला होता. ती नवे लुगडे काढून बसली होती. खरे काय ते कळताच तिने तवा खाली उतरवला आणि नवऱ्याला जे काही सुनावले, ते भाषांतर न होताही मला समजले. मेस्त्री भिंतीला टेकून उभा होता. आपल्या मायेच्या माणसापासून एवढे मोठे ओझे एकट्याने लपवणारा माणूस उघडा पडला की कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, पण सुटकाही होती.

"काय म्हणतात आई?" मी मुलीला विचारले.

"आई म्हणते, मी इथून हलणार नाही. मला न्यायचं असेल तर चुलीसकट न्या."

"त्यांना सांगा, कुणीही नेणार नाही. पण मला फिर्याद हवी."

मुलीने सांगितले. म्हातारीने पदराला हात पुसले आणि ती मराठीत, तोडक्यामोडक्या पण ठणठणीत मराठीत म्हणाली, "मी देते. लिव्हा."

ती फिर्याद देते म्हटल्यावर मेस्त्रीही पुढे आला. त्या संध्याकाळी दोघांच्याही जबान्या झाल्या.

पहिली गोष्ट खरोखरच सोपी निघाली. घराची जुनी मालकीण डोंबिवलीजवळच्या कोपर गावी मुलाकडे राहत होती. डोंबिवलीला उतरून भाताच्या बांधाबांधाने मी आणि हवालदार तिच्याकडे गेलो. म्हातारी अंगणात बसून जाळे विणत होती.

"घर कुणी घेतलं आजी?" मी विचारले.

"त्या सुतारानी. पैसं त्यानीच माज्या हातान ठेवलान. बायको पन व्हती त्याची."

"आणि दलालाने?"

"त्यानी नुसती जीब चालवली," ती म्हणाली. "मी इचारला, कागदाव तुजा नाव कनाला? त सांगतो, फिरंग्याचे नावाव घर होत नाय, सरकारचा कायदा हाय. मना काय ठाव तुमचा कायदा? मना वाटला, असल."

म्हणजे दलालाने ती थाप मारली, ती ऐकणारा तिसरा साक्षीदार मिळाला. कोर्टात येशील का विचारल्यावर म्हातारीने जाळे बाजूला ठेवले. "येन. सुतारीन मना लेकीवानी वाटली. जाताना माजे पाया परली ती."

आता दलाल. मी त्याला चौकीवर बोलावले. तलम अंगरखा, नीट बांधलेले पागोटे, हातात चांदीच्या मुठीची काठी. मी उठून त्याला खुर्ची दिली. शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. भित्र्या माणसावर त्याचा उपयोग होत असेल. गर्विष्ठ माणसाला मात्र खुर्ची द्यावी, विडा द्यावा आणि ऐकत बसावे. गर्व हा माणसाच्या आत कोंडलेला असतो, त्याला वाट दिली की तो आपणहून बाहेर येतो.

"घर माझं आहे, फौजदारसाहेब," तो म्हणाला. "खरेदीखत माझ्या नावाचं. मेस्त्रीला मी दयेनं राहू दिलं. ही दिवाणी बाब आहे. आपण उगीच शीण घेता."

"असेल बुवा. दिवाणीतलं मला फारसं कळत नाही," मी म्हणालो. "तुम्हीच समजावून द्या. मेस्त्रीला स्वतःच्या नावावर का घेता येत नव्हतं?"

"परक्या राजाची रयत ना! कायदाच तसा आहे." मग किंचित थांबून, हसून तो म्हणाला, "निदान माझी तरी तशी समजूत आहे. समजूत चुकीची निघाली, तर तो काही गुन्हा होत नाही."

माणूस हुशार होता. वकिलांनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्याने आधीच ओळखली होती आणि त्या 'समजुती'च्या आड तो बसला होता. तिथे धक्के मारण्यात अर्थ नव्हता. मी तो विषय सोडून दिला. सुपारी कातरता कातरता इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. म्हटले, "तुमच्या धंद्यात आता फार गर्दी झाली म्हणतात. गल्लोगल्ली दलाल झालेत."

तो ताठ बसला. "ते कसले दलाल? शेजाऱ्याचं घर शेजाऱ्याला विकणारे. माझा हात कल्याणपर्यंत पोचतो. तिथल्या बंदरावर खजुराचा व्यापार करणारा मस्कतचा अरब आहे ना, त्याला एवढं मोठं घर मिळवून कुणी दिलं? मीच. विचारा कल्याणात कुणालाही."

माझ्या कारकुनाची लेखणी थांबली. मी जरा खाकरलो, तशी ती पुन्हा चालू लागली. मस्कत तर सुलतानाचे राज्य. तिथला अरब काही राणीसरकारची रयत नव्हे. मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. "खजूर यंदा महाग झाला म्हणे," एवढे बोललो आणि त्याला निरोप दिला. तो खुशीत काठी टेकत गेला.

पोलिसापुढे माणूस काय बोलला यावर कोर्ट भिस्त ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे. मला ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून हवी होती. दुसऱ्या दिवशीच मी कल्याण गाठले.

अरबाचे घर बंदराजवळच होते. पांढरी दाढी, अंगात सैल झगा, वागण्यात मोठी अदब. त्याने कहवा दिला, खजूर पुढे केला. तो हिंदुस्थानी बोले.

"यह मकान किसके नाम पर है?" मी विचारले.

"मेरे. और किसके होगा?"

"दलाल ने कुछ कहा नहीं था?"

तो हसला. "कहा था ना. बोला, परदेसी को मना है, मेरे नाम पर ले लो. मैंने कहा, अच्छा भाई, सोचता हूँ. फिर मैं खुद मामलेदार कचेरी गया और पूछा. वहाँ बोले, कोई मनाही नहीं, शौक से लो. मैंने लौटकर दलाल को बताया, तो कहने लगा, हाँ हाँ, मालूम है मुझे, मैं तो तुम्हारी आसानी के लिए बोला था."

मी हातातला पेला खाली ठेवला. मेस्त्रीच्या व्यवहाराच्या कितीतरी आधी ही गोष्ट घडलेली होती. दलालाची 'समजूत' तिथेच संपली होती.

अरबाने मग आपले घर कसे घेतले तेही मोठ्या हौसेने सांगितले. आधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारले की मालक खरा कोण. मग मालकाला आणि शेजाऱ्यांना घेऊन हद्दीवरून चालत गेला. कागद तयार झाल्यावर तो दलालाकडून न ऐकता कचेरीतल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतला. सब-रजिस्ट्रारपुढे पुन्हा एकदा वाचून घेतला. शेवटी म्हणाला, "अपने मुल्क में आदमी एक बार पूछता है, साहब. पराये मुल्क में तीन बार पूछना चाहिए."

"यही बात कोर्ट में कहेंगे?" मी विचारले.

त्याचे हसू मावळले. "मैं परदेसी हूँ," तो म्हणाला. "परदेसी कचहरी में खड़ा हो, तो लोग मुजरिम को नहीं, उसी को देखते हैं. मेरा यहाँ धंदा है, बाल-बच्चे हैं."

त्याला दम भरणे मला शक्य होते. समन्स काढता आले असते. पण भीतीने आणलेला साक्षीदार कोर्टात अर्धेच बोलतो. मी त्याला फक्त बंदरावरची ती सकाळ सांगितली. मेस्त्री कसा उठला, त्याने मनगटे कशी जुळवली आणि बायकोला त्रास देऊ नका म्हणून कशी विनवणी केली. सांगून झाल्यावर अरबाने दाढीवरून हात फिरवला.

"किस दिन आना है?" तो म्हणाला.

पुढच्या वेळी मी दलालाला चौकीवर बोलावले, तेव्हा खुर्ची तीच होती. तो बसला. मग ओसरीवरून अरब आत आला आणि म्हणाला, "सलाम, भाई. मकान के बारे में बात करनी थी." दलालाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग कारकुनाकडे. आपण आपल्याच तोंडाने काय सांगून बसलो, ते त्याच्या ध्यानात आले. त्याने पाणी मागितले. पाणी प्यायल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "फौजदारसाहेब, हे मिटवता येईल."

"मिटवणं माझ्या हातात नाही," मी म्हणालो. "मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं खरं सांगा. तेवढं तुमच्या हातात आहे."

त्याने सांगितले. कोपरची म्हातारी आणि कल्याणचा अरब दोघेही साक्षीला उभे राहिल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता. निकालाच्या आधीच घर मेस्त्रीच्या नावावर करून द्यायला तो तयार झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते जमेस धरले, पण त्याला सोडले नाही. दंड झाला, थोडी कैदही झाली. मला ती शिक्षा कमी वाटली, हे खरे. तसे मी मेस्त्रीच्या बायकोला बोलूनही दाखवले. मुलीने ते उलगडून सांगितल्यावर म्हातारीने हात झटकले. "आई म्हणते," मुलगी म्हणाली, "त्याला तुरुंगात किती दिवस बसवायचं ते तुम्ही बघा. मला परसात शेवगा लावायचाय."

खरेदीखत नोंदवायच्या दिवशी मी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. माझे तिथे काही काम नव्हते. मला पाहायचे होते, एवढेच. मेस्त्रीने धुतलेली कफनी आणि काळी टोपी घातली होती. बायकोने तेच जत्रेसाठी काढलेले नवे लुगडे नेसले होते. ओळख द्यायला मुलीचा सासरा आणि शेजारचा एक कोळी आला होता. सब-रजिस्ट्रारांनी कागद मोठ्याने वाचला: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमक्याची वाडी, दक्षिणेस खाडीकडे जाणारी वाट. प्रत्येक दिशेला मेस्त्री मान हलवीत होता, जणू घराभोवती चालतच होता.

मग कारकुनाने विचारले, "नाव?"

त्याने सांगितले.

"बापाचं नाव? धंदा?"

तेही सांगितले.

"राहणार कुठले?"

मेस्त्री अडखळला. त्याने वळून माझ्याकडे पाहिले. मग सब-रजिस्ट्रारांना विचारले, "सायब, परक्या राजाची रयत असं सांगू?"

सब-रजिस्ट्रारांनी चष्म्यावरून पाहिले. "रयत तुम्ही कुणाचीही असा हो. तुम्ही राहता कुठं, ते विचारतोय तो."

"ठाण्याला," मेस्त्री म्हणाला. आणि मग कुणी विचारले नसताना, जरा मोठ्याने, पुन्हा म्हणाला, "ठाण्याला राहतो मी."

त्याची बायको मागून काहीतरी बोलली. मुलीला इतके हसू आले की तिला सांगता येईना. अखेर म्हणाली, "आई म्हणते, एकदा सांगितलं ते पुरे. साहेबांना ऐकू येतं."

कचेरीत सगळेच हसले. हवालदार तर ओसरीवर जाऊन हसला. पुढे कितीतरी वर्षे नाताळच्या सणाला त्या घरातून माझ्याकडे ताटभर फराळ येत असे, आणि आमच्या घरातून दिवाळीला त्यांच्याकडे जाई. परसातल्या शेवग्याच्या शेंगाही आल्या.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते पोलिसांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. चोर कुलूप फोडतो तेव्हा आपण कुलूप पाहतो, कडी पाहतो. पण दलालाने ना कुलूप फोडले, ना कुणाला धाक दाखवायला काठी उचलली. कायदा मेस्त्रीच्या बाजूचा होता आणि त्याच कायद्याची भीती घालून त्याला त्याच्याच घराबाहेर काढले जात होते. माणसाला जे माहीत नसते, त्याचा दोर दुसऱ्याच्या हातात जातो. त्यानंतर चौकीवर कुणी घाबरलेला माणूस आला की 'काय झालं' हे मी नंतर विचारी. आधी विचारी, 'तुम्हाला कुणी काय सांगितलं आहे?' निम्मी प्रकरणे त्या उत्तरातच सुटत.

आताशा ठाण्या-कल्याणची मुले नोकरीसाठी जंगबारला, मोंबासाला जातात. काही तिकडेच रमतात, घर घ्यायचे म्हणतात आणि रजेवर आली की जुना फौजदार म्हणून माझ्याकडे येऊन विचारतात, तिकडचा कायदा कसा असेल हो? तिकडचा कायदा मला काय ठाऊक! मी त्यांना एवढेच सांगतो: ज्या कचेरीचा नियम असेल त्या कचेरीत स्वतः जा आणि तोंडाने विचारा. आणि वाटेत कुणी गोड बोलून म्हणाले, 'तू परका, तुला तिथे कोण उभे करणार, मीच विचारून येतो,' तर त्याला नमस्कार करा आणि पाऊल थेट कचेरीकडेच वळवा.